चाच्यांची प्रेमे आणि निष्ठेची मजुरी

चाच्यांच्या प्रेमकथांचे सध्या मोठे पीक आले आहे. सगळ्यांचा साचा एकच. उग्र, देखणा कप्तान. त्याचा अबोल, निष्ठावंत दुय्यम. दोनचार वादळे, एक तलवारीची जखम, आणि शेवटी कप्तानाला होणारा साक्षात्कार, की आपले खरे प्रेम इतकी वर्षे आपल्याच सुकाणूपाशी उभे होते! माझ्या वर्गातल्या मुलामुलींच्या दप्तरांतून ह्या कथा फिरतात. त्या वाचूच नयेत म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींत मी नाही. कोणी कोणावर प्रेम करावे हा माझा प्रश्नच नव्हे. माझे भांडण आहे ते ह्या कथांतल्या हिशेबाशी.

हिशेब असा : दुय्यमाने झिजावे, घाव सोसावेत, तोंडातून शब्द काढू नये, म्हणजे एक दिवस प्रेमाच्या रूपाने मजुरी चुकती होते. निष्ठा म्हणजे मुकाट राहणे, हा धडा आमच्या मुलींना घरोघरी फुकट मिळतच असतो. त्यासाठी समुद्रावर कशाला जावयास हवे?

खऱ्या समुद्रावर काय घडले ते पाहा. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर झेंग यी नावाचा चाच्यांचा पुढारी होता. झांग बाओ हा त्याने पळवून आणलेला एका कोळ्याचा पोर. पुढे त्याचा मानसपुत्र झाला. १८०७ साली झेंग यी मेला. त्याच्या विधवेने सूत्रे हाती घेतली. इतिहास तिला झेंग यी साओ, म्हणजे झेंग यीची बायको, ह्याच नावाने ओळखतो! तिने लाल निशाणाचा ताफा झांग बाओच्या हाती दिला. दोघांचे प्रेम जमले; पुढे लग्नही झाले. कोणाही कादंबरीकाराला मोह पडावा असे कथानक!

परंतु तो ताफा डोळ्यांच्या भाषेवर चालला नाही. लूट नोंदल्यावाचून तिला कोणी हात लावावयाचा नाही; दहातले दोन वाटे आणणाऱ्याचे, आठ सामाईक कोठाराचे. हुकूम मोडला तर शिरच्छेद. १८१० सालच्या एप्रिलमध्ये शरणागतीची बोलणी अडली, तेव्हा ही बाई बिनहत्यारी, बायकामुले बरोबर घेऊन कँटनच्या सुभेदारापुढे जाऊन उभी राहिली. माफी मिळाली, आणि झांग बाओला सरकारी आरमारात हुद्दा मिळाला. ह्या दुय्यमाच्या निष्ठेला नुसती गोड नजर मिळाली नाही. ताफा, वाटा आणि हुद्दा मिळाला.

मग हे जोडपे आदर्श मानावे काय? मुळीच नाही. आमच्या कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणत, तेव्हा नुसत्या शब्दावरून मी कोणाला दोषी धरणार नाही. पण १८०९ साली रिचर्ड ग्लासपूल हा इंग्रज जहाज-अधिकारी ह्या लोकांच्या कैदेत होता. त्याने लिहून ठेवले आहे, की लुटलेल्या गावातून आणलेल्या ज्या बायकांची खंडणी आली नाही, त्या चाच्यांनाच चाळीस-चाळीस डॉलरला विकल्या. कित्येकींनी पाण्यात उड्या टाकून जीव दिला. कैदी स्त्रीवर बळजबरी करणाऱ्यास देहान्त, असा नियम असलेल्या ताफ्यात हे चालले होते!

आमच्या प्रेमकथांत ही बाई कोठे आहे? कप्तान आणि दुय्यम चांदण्यात हातात हात घालून उभे असतात, आणि त्यांच्या पायाखालच्या फळ्यांखाली कोण कोंडले आहे, हे लेखक सांगत नाही, वाचक विचारीत नाही.

मीही कादंबऱ्या लिहितो; व्यवसायबंधूंना एवढेच सांगावयाचे आहे. चाच्यांची प्रेमे खुशाल रंगवा. पण दुय्यमाला तोंड द्या. त्याला 'नाही' म्हणता येत असेल तरच त्याच्या 'हो'ला किंमत. आणि वाचकहो, मुलीच्या हातात असले पुस्तक दिसले तर हिसकावून घेऊ नका. ती लूट कोणाच्या घरातून आली, एवढे तिला विचारा.