गावाची शीव आणि पाण्याचा हिशेब

खेड्याचा नकाशा दोन प्रकारे काढता येतो. एक तलाठ्याच्या दप्तरातला: त्यात शीव, गट नंबर, गावठाण आणि गायरान दाखविलेले असते. दुसरा नकाशा पाण्याचा. डोंगरमाथ्यावर पडलेला थेंब कोणत्या ओघळीने उतरतो, कोठे मुरतो आणि कोणाच्या विहिरीत निघतो, हे त्यावरून कळते. ग्रामपंचायतीचा कारभार पहिल्या नकाशावर चालतो. पीक मात्र दुसऱ्यावर अवलंबून असते. हे दोन्ही नकाशे एकाच सभेत शेजारी मांडले जात नाहीत, हे आपल्या ग्रामकारभाराचे मोठे वैगुण्य होय.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. गाव पर्जन्यछायेत वसलेले, भोवती डोंगर. क्षेत्र हजार हेक्टरांहून थोडे कमी आणि पाऊस सरासरीने ४०० मिलिमीटरच्या आसपास. श्री. पोपटराव पवार हे १९९० च्या सुमारास सरपंच झाले. त्यापुढील वर्षांत ग्रामसभेने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी ठरविली, श्रमदानाने व आदर्श गाव योजनेच्या साह्याने डोंगरउतारावर समतल चर खोदले आणि ओढ्यांवर बंधारे घातले. ही कामे इतरत्रही झाली आहेत. कित्येक ठिकाणी ती गाळाने भरूनही गेली आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण खोदकामात नसून हिशेबात आहे. पाऊस मोजावयाचा, विहिरींची पातळी पाहावयाची, पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढावयाचे आणि उरलेल्या पाण्यावरून रब्बीचे क्षेत्र ठरवावयाचे, हा तेथील प्रघात आहे. शेतीसाठी विंधन विहीर घ्यावयाची नाही आणि ऊस-केळी लावावयाची नाही, हे निर्बंधही गावानेच स्वतःवर घालून घेतले.

या हिशेबाचे गणित अवघड नाही. एक हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ९७५ हेक्टरांवर ४०० मिलिमीटर पडला तर ते ३९० कोटी लिटर होते. दर माणशी दररोज ५५ लिटर धरल्यास हजार वस्तीच्या गावास वर्षाला सुमारे २ कोटी लिटर पुरतात. पडलेल्या पावसाचा बराच भाग बाष्पीभवनाने जातो व काही वाहून जातो, हे खरे. तथापि अशा गावास चैत्रात टँकरची वाट पाहावी लागत असेल, तर त्याचा सर्व दोष आकाशाला देता येणार नाही. पाटाने भिजविलेल्या एक हेक्टर उसास सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे तेही २ कोटी लिटरच. एका हेक्टराचा ऊस आणि हजार माणसांचे वर्षाचे पिणे यांचा आकडा एकच यावा, ही गोष्ट प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवण्याजोगी आहे.

ग्रामपंचायतीस हा अधिकार आहे काय, असा प्रश्न विचारला जातो. १९५८ च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींची घडण झाली. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन व पाणलोट विकास हे विषय पंचायतींकडे सोपविता येण्याजोगे म्हणून नमूद आहेत. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध आहे. तरीही कोणी आपल्या शेतात काय पेरावे हे पंचायत हुकूम काढून ठरवू शकत नाही. तेथे संमतीच लागते आणि संमती आकड्यांशिवाय मिळत नाही. शेजाऱ्याने पंप किती तास चालविला हे ठाऊक नसेल, तर आपला पंप कोण थांबवील?

यासाठी नव्या समितीची गरज नाही. समित्या गावात पुष्कळ आहेत. २ ऑक्टोबरला होणारी ग्रामसभा पावसाळ्याच्या अखेरीस येते, हा योग मोठा सोयीचा आहे. रब्बी ज्वारीची पेरणी तोवर सुरू झालेली असते. पण ती बहुतांशी जमिनीतील ओलीवर येते. गहू, कांदा, भाजीपाला या पाणी मागणाऱ्या पिकांचा निर्णय अद्याप हाती असतो. कृषी सहायकाने त्या दिवशी मोसमाचा पाऊस आणि दहा-वीस निवडक विहिरींची पातळी सभेपुढे वाचून दाखवावी. सत्कार व भाषणे नंतरही होऊ शकतील.

एक अडचण मात्र एकट्या गावाने सुटणारी नाही. ओढा शीव ओळखत नाही. वरच्या गावाने बंधाऱ्यांची साखळी केली की खालच्या गावचा ओढा पौषाऐवजी कार्तिकातच आटल्याची तक्रार येते आणि ती प्रत्येक वेळी खोटी नसते. येथे पंचायत समितीचे काम सुरू होते. एका ओढ्यावरील सर्व गावांचे हिशेब एका कागदावर मांडूनच तिने नव्या बंधाऱ्यास मंजुरी द्यावी आणि त्या बैठकीस सर्वांत खालच्या गावच्या सरपंचास अगत्याने बोलवावे.