कागद मागणाऱ्यांनी कागद राखले कुठे?

दिल्लीच्या राज्यकर्त्यांना इतिहासाचा भलता उमाळा. पण राजांच्या आणि पुतळ्यांच्या! घाम गाळणाऱ्याच्या इतिहासाशी गाठ पडली की यांना फक्त चौरस फूट दिसतात. १८८९ साली स्थापन झालेली दिल्ली क्लॉथ मिल १९८९ मध्ये बंद पडली. आज त्या जागेवर निवासी मनोरे आहेत. तिथे पिढ्यानपिढ्या राबलेल्यांची हजेरीपुस्तके पाहायला दिल्लीकराने जायचे कुठे?

फ्रान्समधल्या रूबे या गिरणगावाने हे काम करून दाखवले. मोत-बोस्यू सूतगिरणी बंद पडली, तेव्हा तिच्याच इमारतीत १९९३ साली श्रमजगताचे राष्ट्रीय अभिलेखागार उघडले. कंपन्यांची आणि कामगार संघटनांची दप्तरे तिथे जपली जातात. आमच्याकडे पैसा नाही म्हणता? मग गिरण्यांच्या जमिनींचा पैसा गेला कुठे?

कायदा नाही, ही सबबही खोटी. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांनाही बांधतो. दिल्लीत मुख्यालय असलेले राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ त्यांपैकीच एक. १९७४ मध्ये सरकारने १०३ आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यांची मस्टरे ही जनतेची ठेव आहे. पण १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांची कागदपत्रेही आपल्याकडे आलेली नाहीत, असे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांनाच डिसेंबर २०२२ मध्ये सांगावे लागले. रणांगणाचे दप्तर ज्यांना पोहोचवता येत नाही, ते साच्यावरच्या विणकराची काय पत्रास ठेवणार?

आणि निर्लज्जपणा पाहा! मुंबईच्या गिरणी कामगाराने घर मागितले, की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा आणा, असा हुकूम सुटतो. तिकीट नंबर दाखवा, पगाराची पावती दाखवा! दप्तर सांभाळायचे मालकाने आणि सरकारने. धुंडाळायची मात्र विधवेने घरातली ट्रंक. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच!

आमची मागणी सरळ आहे. दिल्लीत आणि मुंबईत जे गिरण्यांचे सांगाडे अजून उभे आहेत, त्यांतला प्रत्येकी एक कामगारांच्या अभिलेखागारासाठी राखा. तोवर गिरणीचे एकही बाड रद्दीत जाता कामा नये. जमिनी विकून झाल्या. आमच्या आजोबांची हजेरी पुसण्याचा अधिकार तुम्हाला कोणीही दिलेला नाही!