जरा म्हणजे किती थाऊ?

आम्ही घरी त्यांना पप्पा म्हणायचो, उद्यमबागेत सगळे मेस्त्री म्हणायचे. खानापूर रस्त्यालगतच्या त्या वसाहतीत त्यांनी एकतीस वर्षं लेथ चालवला. फाउंड्रीतून बिडाची कास्टिंगं यायची, ती चकमध्ये बांधून मापात आणायची. बिडाची भुकटी काळी आणि चिवट. तीनदा साबण लावला तरी नखांच्या कडेला राहायचीच. शनिवारी रात्री आई रॉकेल आणि ब्रश घेऊन बसायची, कारण रविवारी त्याच हातांनी प्रभुभोजन घ्यायचं असे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर गेले. लंडन मिशनचं काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झालं, ते १९०४ साली मेथॉडिस्टांकडे आलं. पप्पा या दोन्ही हकिकती एकाच दमात सांगायचे, जणू किर्लोस्करही आमच्याच मंडळीचे सभासद!

त्यांचं माप थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्याचा केस दोन-तीन थाऊ जाड असतो. ‘जरा’ हा शब्द त्यांना खपत नसे. आई म्हणाली, “सारात मीठ जरा जास्त झालंय,” की हे विचारणार, “जरा म्हणजे किती थाऊ?” आई गोकाककडची. तिची प्रार्थना कन्नडमध्ये, पप्पांची मराठीत. आम्हा भावंडांना दोन्हीकडचं ‘आमेन’ तेवढं एकदम म्हणता यायचं. पप्पांचा राग मात्र कन्नडमध्ये. हेल्परने घाई केली की “निधान, निधान!” असं ओरडायचे.

बहिणीच्या नर्सिंगची फी भरायची होती, तेव्हा कारखान्यात ऑर्डरी जोरात होत्या. रविवारी दुप्पट पगार मिळणार होता. पप्पा गेले नाहीत. त्याऐवजी आठ आठवडे रोज संध्याकाळी जादा काम केलं आणि फी भरली. पुढे फोरमनची जागा दुसऱ्याला मिळाली. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मला अजूनही वाटतं, आईचं काही चुकलं नव्हतं.

पन्नाशीत सीएनसी मशीन आलं. विशीतला पोरगा शिकवायला आला, त्याला पप्पा ‘सर’ म्हणायचे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे जी झिरो, जी वन असं लिहून पाठ करायचे. सहा महिन्यांत तोच पोरगा अडलं की यांच्याकडे येऊ लागला.

नुकसान झालं ते कानांचं. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा होती, पण त्यांच्या शेडमध्ये आवाज मोजायला कधी कुणी आलं नाही. कानात कापूस घालायचे, तेवढंच. निवृत्तीनंतर ते उपासनेला पहिल्या बाकावर बसू लागले, पाळकांचे ओठ दिसावेत म्हणून. गीत मात्र मोठ्याने म्हणायचे, आणि नेमके एक ओळ मागे. मंडळी पुढच्या कडव्यावर जायची तेव्हा यांची शेवटची ओळ बाकी असे. पेटीवाले काका मग प्रत्येक कडव्यानंतर सूर धरून थांबायचे. पप्पांची ओळ संपली की पुढचं कडवं. त्यांना कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, आणि पप्पांना ते कधी कळलंही नाही.