वाऱ्यावर खापर फोडणं आता बंद करा!

शिवारात ऊस पेटला की ठरलेलं कारण पुढं येतं: "वाऱ्यामुळे तारांचे घर्षण होऊन शॉर्टसर्किट." म्हणजे आरोपी वारा. त्याला ना नोटीस निघते, ना त्याच्याकडून भरपाई मिळते. विषय संपला!

पण मंडळी, वारा तारेचं काय करतो हे इंजिनिअर लोकांना शंभर वर्षांपासून माहीत आहे.

मोठ्या टॉवर लाइनचंच घ्या. तिला फक्त वादळाचीच भीती नसते, मंद एकसारखा वाराही छळतो. तारेला वळसा घालून जाताना वाऱ्याचे भोवरे एकदा वरून, एकदा खालून सुटतात आणि तार थरथरते. तीन सेंटीमीटर जाडीची तार आणि ताशी ११ किलोमीटरचा वारा असेल तर सेकंदाला साधारण २० वेळा. दिवसभर असाच वारा राहिला तर १७ लाखांवर हेलकावे! खालून काहीच दिसत नाही. पण पुन्हा पुन्हा वाकवलेली तार जशी तुटते, तसे क्लॅम्पपाशी तिचे पदर एकेक करून तुटतात.

टॉवरजवळ तारेला छोटे डंबेल लटकलेले पाहिलेत ना? ते शोभेचे नाहीत. १९२० च्या दशकात जॉर्ज स्टॉकब्रिज या कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरने काढलेला तो डॅम्पर आहे. तारेची थरथर तो स्वतःत जिरवतो.

आता आपल्या शेतातली लाइन. इथं रोग वेगळा आहे: झोळ. पोल कलला, ताण ढिला झाला की तार खाली येते आणि झोपाळ्यासारखी झुलते. सगळ्या तारांचा झोळ सारखा असेल तर त्या बरोबरीने झुलतात. एक ताठ, एक ढिली असली की प्रत्येकीचा झोका वेगळा. मग त्या एकमेकींवर आदळतात, ठिणगी पडते आणि खाली वाळलेलं पाचट तयारच असतं.

याचं औषध काही महाग नाही. पोल सरळ करा, तारा सारख्या ओढा, मध्ये स्पेसर बसवा. वायरमनला मी दोष देत नाही, एकट्याने किती गावं बघायची? पण देखभालीचं नियोजन करणं हे वरच्यांचं काम आहे.

तेव्हा आपणही एक करू. झोळ दिसला की फोटो काढा, पोल नंबरसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच. उद्या दुर्दैवाने काही घडलं तर "वारा आला" म्हणणाऱ्याला ती पोच दाखवता येईल.

वारा दरवर्षी येणारच. तारा कुणी ओढल्या नाहीत, हे विचारा.