घरांत बांधलेली होडी

गेले चार महिने या सदरांत आम्हीं कांहीं लिहिलें नाहीं, याबद्दल वाचकांची क्षमा मागूनच आरंभ केला पाहिजे. कारण आळस नव्हे. मार्च महिन्यांत आम्ही सहकुटुंब आमच्या चिरंजिवांकडे कॅनडांत गेलों, ते जून संपेपर्यंत तेथेंच होतों. परदेशाहून परतलेल्या मनुष्यानें धबधबे, रस्ते आणि दुकानें यांचें वर्णन करावें अशी रूढि आहे. परंतु तें काम आमच्याहून चांगलें करणारे पुष्कळ आहेत. चिरंजिवांच्या मोटार ठेवण्याच्या खोलींत आम्हीं काय केलें, तेवढेंच येथें सांगतों. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण आम्हीं तेथें सुतारकाम केलें.

चिरंजीव ऑन्टारिओ प्रांतांतील पीटरबरो या गांवीं राहतात. गांवांतून ओटोनबी नदी वाहते, आणि कॅनू नांवाच्या होडीसाठीं हें गांव प्रसिद्ध आहे. दोन्ही टोकांना निमुळती, उघडी, वल्ह्यानें चालवावयाची आणि खांद्यावर उचलून नेतां येईल इतकी हलकी, अशी ही होडी. मूळ विद्या तेथील आदिवासींची. सीडरच्या लाकडाच्या बरगड्या, त्यांवर भूर्जवृक्षाची साल, ती स्प्रूस झाडाच्या मुळांनीं शिवलेली आणि सांधे त्याच्याच डिंकानें बुजविलेले. ज्या भूर्जपत्रावर आमच्या पूर्वजांनीं पोथ्या लिहिल्या, त्याच्याच एका जातभाईच्या सालीवर बसून तीं माणसें सरोवरें ओलांडीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्या भागांतील कारागीर साच्यावर लाकूड बसवून तशाच होड्या करूं लागले. कारखाने निघाले आणि पुढें बंदही पडले. आज तेथील संग्रहालयांत सहाशेंहून अधिक होड्या आहेत, व २०२४ सालीं त्यासाठीं सरोवराकांठीं नवी इमारत उघडली. पुढें कांचतंतूचें कापड व इपॉक्सी नांवाचा राळेसारखा रस बाजारांत मिळूं लागला, तेव्हां ही होडी घरीं बांधणें हौशी मनुष्यासही शक्य झालें. या विषयावरील टेड मूर्स यांचें ‘कॅनूक्राफ्ट’ हें पुस्तक १९८३ सालीं निघालें. चिरंजिवांच्या बांकावर तें कायमचें उघडें पडलेलें असे.

येथें एक जुनी गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. चिरंजीव अकरा वर्षांचे असतांना आमच्या वाड्यामागें एका सुताराची पडवी होती. शाळा सुटली कीं स्वारी तेथें जाऊन बसे. सुतारानें त्यांना एक लहानसा रंधा दिला होता. त्या रंध्यानें सागाचा एक तुकडा तासून त्यांनीं आंखणी केली आणि ती आमच्या मेजावर आणून ठेवली. त्याच सहामाहींत संस्कृताचे गुण उतरले. आम्हीं तो रंधा घेतला, सुताराच्या पुढ्यांत ठेवला आणि म्हणालों, “आमच्या मुलाला लाकडें तासायचीं नाहींत.” तो “बरं, गुरुजी,” इतकेंच म्हणाला. चिरंजीव दारांत उभे होते. पुढें ते गुणवान् निघाले, इंजिनिअर झाले, आणि या गोष्टीचा उच्चार तीस वर्षांत आमच्या घरांत कोणीं केला नाहीं.

पीटरबरोस पोंचल्यावर दुसऱ्याच दिवशीं त्या खोलीचें दार उघडलें, तों आंत लाकडाचा सुवास भरून राहिलेला. चिरंजीव म्हणाले, “बाबा, सीडर आहे.” सीडर म्हणजे देवदार, असें समजून आम्हीं रघुवंशांतील, शंकरानें पुत्र मानलेल्या देवदाराची कथा सुरू केली. ती त्यांनीं शांतपणें ऐकली आणि मग सांगितलें, कीं हिमालयांतील देवदार हाच खरा सीडर. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हा तांबडा सीडर वनस्पतिशास्त्राप्रमाणें निराळ्या कुळांतला. आम्ही गप्प बसलों.

आतां कृति सांगतों. प्रथम लांब, सरळ आणि न लवणारी अशी पेटीसारखी चौकट करावयाची. हा बांधणीचा कणा. मग होडीच्या आडव्या छेदांचे आकार प्लायवुडवर आंखून कापावयाचे, व ते साचे कण्यावर एकेका फुटाच्या अंतरानें उभे करावयाचे. होडी उपडी बांधली जाते. तळ वर, कांठ खालीं. सोळा फुटांच्या होडीस पंधरा साचे लागले. त्यांतील एक जरी रेषा सोडून बसला, तरी सबंध अंगाला फुगवटा येतो. म्हणून सूत आणि ओळंबा लावून ते जुळविण्यांतच दोन आठवडे गेले. हें काम आम्हांस व्याकरणासारखें वाटलें. पुढील वाक्य शुद्ध होणें न होणें येथेंच ठरतें.

नंतर पट्ट्या. सीडरची फळी चिरून पाऊण इंच रुंद व पाव इंच जाड अशा लांब पट्ट्या काढतात. रुंद फळी एका अंगाला वांकते, पण त्याच वेळीं दुसऱ्या अंगाला वांकत नाहीं. अरुंद पट्टी वांकतेही आणि पिळतेही. या विद्येचें सारें रहस्य एवढ्यांत आहे. पट्टीच्या एका कडेस गोलाई व दुसऱ्या कडेस तेवढीच खोबण असते, त्यामुळें ती वळणावर कशीही फिरली तरी फट पडत नाहीं. खोबणींत सरस घालावयाचा, पट्टी बसवावयाची, ती साच्यावर तात्पुरत्या स्टेपलांनीं अडकवावयाची, आणि सरस वाळला कीं पुढची घ्यावयाची. अशा सुमारें सत्तर पट्ट्या लागतात.

होडीच्या टोंकाशीं पट्टीला मोठा पीळ द्यावा लागतो. तेथें दोन हात पुरेनात, तेव्हां चिरंजीव प्रथमच म्हणाले, “बाबा, जरा धरा.” त्या दिवसापासून आम्ही रोज धरूं लागलों. एका संध्याकाळीं ते घरांत गेले असतां, सरस वाळला अशी आम्हीं आपलीच समजूत करून घेतली आणि शिकंजा सोडला. पट्टी कडकन् मोडली व शेजारची उखडून घेऊन गेली. पस्तीस वर्षें आम्हीं शाळेंत शिकविलें. विद्यार्थ्याच्या हातून अशी चूक झाली असती तर आम्ही काय बोललों असतों, हें आमचे जुने विद्यार्थी सांगतील. चिरंजीव परत आले, मोडलेल्या जागेवरून त्यांनीं बोट फिरविलें आणि म्हणाले, “सरसाला घाई चालत नाहीं, बाबा. दुसरी पट्टी कापूं.” मग थोड्या वेळानें, करवतीकडे पाहतच, “सुतारकाकांनीं मला पहिल्या दिवशीं हेंच सांगितलें होतें.”

तीस वर्षें न बोललेली गोष्ट अशी समोर आली. आम्ही म्हणालों, “तुझा रंधा मीं परत करायला नको होता.” ते कांहीं वेळ बोलले नाहींत. नंतर नवी पट्टी आमच्या हातीं देऊन म्हणाले, “हें टोंक धरा.” आम्हीं तें धरलें.

पट्ट्या पुऱ्या झाल्यावर स्टेपल उपसावयाचे, आणि रंधा व कांचकागद यांनीं सारें अंग एकसारखें करावयाचें. या लाकडाची धूळ फार बाधक. कित्येकांना तिनें दमा जडतो, म्हणून नाकातोंडावर मुखपट्टी बांधल्यावांचून घासूं नये. मग कांचतंतूचें पातळ कापड पसरून त्यावर इपॉक्सी ओतावयाची. हें काम हवा तापत असतांना करूं नये, कारण लाकडांतील हवा प्रसरण पावून बुडबुडे येतात. ऊन उतरतांना करावें. पांढरें कापड रस पितांच दिसेनासें होतें, आणि खालून लाकडाचा रंग मधासारखा वर येतो. पुढें होडी साच्यावरून उचलून आंतूनही तसेंच कापड चढवितात, व शेवटीं कांठ आणि बैठका बसवितात.

भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथांत नौकेच्या लाकडाचे चार वर्ण सांगितले आहेत. हलकें, मऊ, सहज जोडलें जाणारें तें ब्राह्मण. हलकें पण कठीण, जोडण्यास अवघड तें क्षत्रिय. आणि नौकेसाठीं ग्रंथकाराची पसंती क्षत्रियास. ही गोष्ट सांगितली, तेव्हां चिरंजीव पोट धरून हंसले. सीडर पूर्ण ब्राह्मण ठरतें, कारण त्यावर नखानेंही चरा पडतो. दोन्ही बाजूंनीं कापडाचें कवच चढलें, तेव्हांच तें पाण्यांत उतरण्यास योग्य झालें. आमच्यासारख्या नुसत्या पुस्तकी माणसांनीं या दृष्टांताचा अर्थ ज्यानें त्यानें लावावा.

सुमारें दोनशें तासांचें काम झालें. होडीचें वजन पंचवीस किलोंच्या आसपास भरलें. जूनच्या अखेरीस ती ‘लिटल लेक’ सरोवराच्या कांठीं नेली. सूनबाईंनीं हळदकुंकू वाहिलें आणि आमच्या कुटुंबानें नारळ फोडला. आम्हांस पुढें बसविण्यांत आलें. कॅनूंत मागें बसणारा दिशा देतो. पुढच्यानें नुसता जोर लावावयाचा आणि मागें वळून पाहावयाचें नाहीं, कारण तोल जातो. जन्मभर आम्ही मागें बसत आलों होतों. त्या दिवशीं चिरंजीव “डावीकडून, बाबा,” म्हणत आणि आम्ही वल्हें डावीकडे घेत असूं. होडी कोठेंही गळली नाहीं.

परत आल्यावर आम्ही वाड्यामागें गेलों. तो सुतार सहा वर्षांपूर्वीं वारला. दुकान आतां त्याचा मुलगा चालवितो. त्याला आम्हीं रंध्याची हकीकत सांगितली. तो म्हणाला, “बाबा यांतलें कधीं कांहीं बोलले नाहींत.” ज्याची क्षमा मागावयाची होती तो नाहीं, आणि त्यानें तक्रारही मागें ठेवली नव्हती. मग आम्हीं विचारलें, कीं आमच्या पुतण्याचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्यास दर रविवारीं येथें बसूं द्याल काय? तो म्हणाला, “पाठवा, गुरुजी. पण पहिले दोन महिने झाडलोट करावी लागेल. रंधा मग.”

आम्हीं ही अट मान्य केली आहे. मुलाच्या मातोश्रींनीं सहामाहीच्या गुणांविषयीं शंका काढली. त्यांस आम्हीं हा लेख छापून आल्यावर वाचावयास देणार आहों.