आंव म्हणजे एकच व्याधी नव्हे

धर्माबादच्या मिरची बाजारात हमाली करणारा रुग्ण येतो आणि "डॉक्टरसाहेब, आंव पडायली" एवढेच सांगतो. त्यावर आपले बहुसंख्य वैद्यबंधू कुटजघनवटी देतात. काही जण जोडीला अल्बेंडाझोलही देतात. या सरसकट चिकित्सेस आमचा आक्षेप आहे आणि त्याचे कारण जंतूच्या पेशीतील सांगाड्यात दडलेले आहे.

एकपेशीय जंतूला अस्थी नसतात, पण त्यास आकार व गती देणारी प्रथिनांची चौकट असते. ट्युब्युलिनच्या पोकळ सूक्ष्मनलिका आणि ॲक्टिनचे तंतू हे तिचे प्रमुख घटक होत. जिआर्डियाच्या अधोभागी सूक्ष्मनलिका व जिआर्डिन प्रथिने यांची एक चकती असते. तिच्या आधारे तो लहान आतड्याच्या भित्तीस चिकटून राहतो. अल्बेंडाझोल ट्युब्युलिनला जखडते, चकती ढासळते आणि पकड सुटते. तीही काही दिवस सलग मात्रा दिल्यास. जंतनाशक दिनी शाळेत मिळणारी एक गोळी त्यासाठी नव्हे.

एन्टअमीबा हिस्टोलिटिकाची गोष्ट निराळी. त्यास चकतीच नाही. तो मोठ्या आतड्यात ॲक्टिनच्या बळावर छद्मपाद पसरतो व पेशी गिळतो. जिवंत पेशींचे लचकेही तोडतो, हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सुधा व आलोक भट्टाचार्य यांच्या गटांनी या गिळण्याच्या क्रियेत ॲक्टिनशी जोडल्या जाणाऱ्या कॅल्शियमग्राही प्रथिनाचा सहभाग दाखविला आहे. अशा जंतूवर अल्बेंडाझोल देणे म्हणजे कुलूप एका दाराचे आणि किल्ली दुसऱ्याच दाराची.

हे गिळणे आपल्या गावातील साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसते. एन्टअमीबा डिस्पार हा निरुपद्रवी जंतू १९९३ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून वेगळा मानला गेला. दोहोंची कोष्ठे हुबेहूब सारखी असतात. म्हणून केवळ कोष्ठ आढळले या अहवालावर रुग्णास अमीबाग्रस्त ठरवू नये. पोटात रक्तकण घेतलेला, हलणारा अमीबा दिसला तर गोष्ट वेगळी. परंतु नमुना थंड होताच ही हालचाल थांबते, आणि आपल्याकडे तो सकाळी घेऊन दुपारी प्रयोगशाळेत पोहोचतो!

हे सारे संहितेत पूर्वीच होते, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. चरकाचार्यांनी वीस कृमी सांगितले, त्यांपैकी काही रक्तज कृमी अदृश्य म्हटले. परंतु त्यांत ॲक्टिन शोधणे हा आचार्यांचा गौरव नव्हे. अतिसार-प्रवाहिकेत कुटजाचे स्थान मोठे आहे, यात शंका नाही. तरीही त्यातील कोनेसीनादी द्रव्ये या दोन भिन्न जंतूंवर सारखाच परिणाम करतात, हे गृहीत धरण्यास आधार काय?

म्हणून आमची सूचना अशी की, कुटजाचा गुण नोंदविणाऱ्या वैद्यांनी केसपेपरवर केवळ 'आंव' असे न लिहिता जंतूचे नाव, उपचारापूर्वीचे व नंतरचे मलपरीक्षण, आणि नमुना घेतल्याची व तपासल्याची वेळ लिहावी. दोन वेळांत अर्ध्या तासाहून अधिक अंतर असल्यास 'अमीबा आढळला नाही' हा अहवाल ग्राह्य धरू नये व नमुना पुन्हा मागवावा.