पालक उदासीन नाहीत, सभेची वेळ चुकते आहे

निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झाले. 2026-27 पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता यावे, साधी गणिते यावीत, हे त्याचे उद्दिष्ट. त्यात घरच्या सरावावर भर आहे. महाराष्ट्रात त्यासाठी माता पालक गट झाले. पण सभा बऱ्याचदा शाळेच्या वेळेत. तेव्हा आपल्या वस्तीतली आई दुसऱ्याच्या घरी भांडी घासत असते, बाप नाक्यावर कामासाठी उभा असतो. दोघांपैकी जो येईल त्याचा रोज बुडतो. नाही आले की शेरा ठरलेला: पालक उदासीन.

डी.एल.एड.चे छात्राध्यापक दोन वर्षांत 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत असतात. त्यांच्यात आपल्या वस्तीतली मुले-मुलीही आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच: पाठ टाचण लिहून झाले की संध्याकाळी विहारात या, वंदनेनंतर अर्धा तास पालकांसोबत बसा. अक्षरओळख नसलेली आईही मुलाकडून भाकऱ्या मोजून घेऊ शकते, गोष्ट सांगू शकते, बिस्किटाच्या पुड्यावरचे अक्षर विचारू शकते. हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. सांगतात ते फक्त 'अभ्यास घ्या'.

आणखी एक. 'माता' गट म्हटले की बापाला आपोआप सुट्टी. विहारात बसाल तेव्हा त्यालाही बोलवा.